जबडा मागे, जीभ मागे

हा रविवारच्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना माझा आवाज दीडपट स्पीडवर ऐकवत नाही त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो होतो त्या जागा थोड्या सावरून लिहिल्यात, बाकी तसंच ठेवलंय.

यावेळी राजा-महाराजा नाही, किल्ला नाही. यावेळचा इतिहास माझ्या तोंडातला आहे. अक्षरशः.

माझा फोटो ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, माझा खालचा जबडा पुढे आहे. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. पेरूचा तुकडा पुढच्या दातांनी तोडणं मला आयुष्यात जमलेलं नाही, तो बाजूच्या दाढांनी चावायचा. शाळेत नावं पडायची ती पडली. नोकरी लागली, हातात पैसे आले, तेव्हा एका ऑर्थोडोंटिस्टकडे गेलो. तारा बसल्या, दीड वर्ष गेलं, आणि मग एका मोठ्या दवाखान्यात सर्जनने एक्स-रे दिव्यावर लावून सांगितलं, "खालचा जबडा सात मिलिमीटर मागे घेऊ. दोन-तीन दिवसांत घरी." आई खूश. म्हणाली, "अरे, आता स्थळं बघायची तर फोटो नीट येतील." मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र डोक्यात होती. माझा रूममेट महिनाभर मला सांगत होता, "अरे, तू रात्री मधेच मरतोस काय? घोरतोस, घोरतोस, मग एकदम शांत. मी मोजतो, आठ, नऊ, दहा... मग दचकून परत चालू." मी हे सर्जनला विचारलं. ते म्हणाले, "ते नाकाचं असेल. जबड्याचा आणि श्वासाचा काही संबंध नाही."

काही संबंध नाही? मी घरी आलो आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. मग पुढच्या रात्री. मग पुढचे तीन महिने. त्यातून हा एपिसोड झाला.

आधी घशाची रचना दोन मिनिटांत समजून घेऊ, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. नाकात हाडं आहेत, श्वासनलिकेत कुर्च्यांच्या कड्या आहेत. पण मधला भाग, टाळूच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा, हा नुसता मऊ बोगदा आहे. त्याला पुढून आधार द्यायला हाड नाही. पुढची भिंत म्हणजे मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेचं मूळ. आणि जीभ कुठे बांधलेली आहे? खालच्या जबड्याला. हनुवटीच्या आतल्या बाजूला दोन बारीक उंचवटे असतात, तिथून जिभेचा सगळ्यात मोठा स्नायू पंख्यासारखा पसरत मागे जातो. त्याच्याच खालून निघणारा दुसरा स्नायू हायॉइड नावाच्या, घोड्याच्या नालेसारख्या हाडाला धरून ठेवतो. हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नाही. ते स्नायूंवर लटकतं.

म्हणजे खालचा जबडा हा घशाच्या तंबूचा पुढचा खुंटा आहे. खुंटा पुढे ठोकलात तर दोऱ्या ताणल्या जातात आणि आत जागा होते. मागे ठोकलात तर कापड सैल पडतं. बस, एवढंच शरीरशास्त्र. बाकी सगळा इतिहास म्हणजे ही साधी गोष्ट वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वेळी कशी कळली आणि मधे कशी विसरली गेली, त्याचा आहे.

पहिल्यांदा ती कळली भूल देणाऱ्यांना. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. माणूस गाढ बेशुद्ध झाला की स्नायू सैल पडतात, जीभ मागे पडते आणि घसा बंद होतो. सुरुवातीला काही डॉक्टर चिमट्याने जीभ ओढून धरायचे. मग १८७४ मध्ये ख्रिश्चानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, याकोब हायबर्ग यांनी आणि त्याच दशकात जर्मनीच्या फ्रीडरिश फॉन एस्मार्च यांनी सोपी युक्ती लिहून ठेवली. जबड्याच्या कोनाखाली, कानाच्या पाळीखाली, दोन्ही बाजूंनी बोटं लावायची आणि अख्खा खालचा जबडा पुढे उचलायचा. जीभ त्याच्याबरोबर पुढे येते, श्वास सुरू होतो. आजही डॉक्टरांना हेच शिकवतात. अवजार लागत नाही, खर्च शून्य.

(इथे एक छोटं वळण. आपल्या शेजारच्या, तेव्हा मराठवाडाही ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेत, एडवर्ड लॉरी नावाच्या सर्जनने १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशातून क्लोरोफॉर्मवर दोन कमिशनं भरवली. त्याचं एकच टुमणं होतं की नाडी बघत बसू नका, श्वास बघा. हृदयाच्या बाबतीत तो पुढे चुकीचा ठरला. पण श्वास बघा, हे वाक्य मला माझ्या सर्जनच्या टेबलावर चिकटवावंसं वाटलं.)

दुसऱ्यांदा हीच गोष्ट कळली ती पहिल्या महायुद्धात, आणि फार वाईट पद्धतीने. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी चेहऱ्यावर. खालचा जबडा उडालेले हजारो सैनिक. विल्यम केल्सी फ्राय नावाचा तरुण ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी होता, त्याची आठवण प्रसिद्ध आहे. जबड्याला गोळी लागलेल्या एका सैनिकाला त्याने मान पुढे झुकवून, चालवत मदतकेंद्रापर्यंत आणलं. तिथवर तो ठीक होता. तिथे नियमाप्रमाणे त्याला स्ट्रेचरवर उताणा झोपवलं आणि थोड्याच वेळात तो गुदमरून मेला. खुंटाच तुटला होता. बसून मान पुढे होती तोवर गुरुत्वाकर्षण जीभ पुढे ठेवत होतं, उताणा झोपल्यावर तेच गुरुत्वाकर्षण जीभ घशात ढकलत होतं. त्यानंतर अशा जखमींना पुढे वाकवून किंवा पालथं न्यायचं, ही शिकवण पसरत गेली. हाच केल्सी फ्राय पुढे सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्याबरोबर काम करत होता. गिलीज म्हणजे आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जातात ते. त्यांच्यावर वेगळा एपिसोड करायचाय, आत्ता नको.

तिसरी जागा आपल्या घराजवळची आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तंबाखू, मिश्री, गुटखा, पुढचं तुम्हाला माहीत आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबड्याचा हनुवटीकडचा भाग काढावा लागला आणि तो परत बांधला नाही, तर जिभेचा खुंटा जातो, हनुवटी नाहीशी होते. अशा चेहऱ्याला सर्जन लोक इंग्रजीत 'अँडी गम्प' म्हणतात. १९१७ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकन कार्टूनमधलं हे पात्र, त्याला खालचा जबडाच नव्हता. कोणाच्या दुःखाला कार्टूनचं नाव द्यायची ही सवय मला आवडत नाही, पण पुस्तकात तेच नाव आहे. अशा माणसांना श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी ठेवायची वेळ येते. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी पायाच्या पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा नवा जबडा घडवण्याची पद्धत मांडली, तेव्हा खुंटा परत ठोकायची सोय झाली.

आता या सगळ्याच्या समांतर एक वेगळीच गोष्ट चालू होती. तिचे नायक श्वासाकडे बघतच नव्हते. ते चेहऱ्याकडे बघत होते. माझी गोष्ट त्यांच्याशी जोडलेली आहे.

१८४९ मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंग गावच्या सायमन हलिहेन यांनी एक केस छापली. वीस वर्षांची मुलगी, लहानपणी भाजलेली. मानेची कातडी आकसून तिने जबडा वर्षानुवर्षं खाली ओढला होता, पुढचा भाग लांब आणि बाहेर आला होता. हलिहेन यांनी जबड्यातून पाचरीसारखा तुकडा कापून तो मागे बसवला. जबड्याची अशी शस्त्रक्रिया करून छापलेली ही पहिली नोंद मानतात. मग १८९७ मध्ये सेंट लुईसला विल्रे ब्लेअर यांनी पुढे आलेला जबडा मागे घेण्याचं ऑपरेशन एका वैद्यकीय विद्यार्थ्यावर केलं. दात सरळ करण्याच्या शास्त्राचा बाप मानला जाणारा एडवर्ड अँगल तेव्हा त्याच शहरात होता, त्यामुळे दातवाले आणि चाकूवाले एकत्र आले.

यांच्यापुढचा प्रश्न होता पुढे आलेला जबडा मागे घ्यायचा, बस. कारण अशा चेहऱ्याकडे बघून सगळ्यांना वाटायचं, खालचा जबडा जास्त वाढलाय. युरोपातल्या हाब्सबुर्ग राजघराण्याची चित्रं बघा, गूगल करा आत्ताच. स्पेनचा दुसरा कार्लोस, १६६१ ते १७०० जगला, त्याचा जबडा इतका पुढे की नीट चावता येत नव्हतं असं सांगतात. मला तो भाऊबंद वाटतो. पण २०१९ मध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातल्या संशोधकांनी या घराण्याची ६६ चित्रं १० सर्जनना दाखवली आणि चेहऱ्यांना मार्क द्यायला लावले. खालचा जबडा पुढे, हे तर दिसलंच. पण त्याच्या जोडीने वरचा जबडा कमी वाढलेला, मागे राहिलेला, हेही दिसलं. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं ज्याला 'खालचा जास्त' म्हटलं, त्यातला बराचसा भाग 'वरचा कमी' होता. हे लक्षात ठेवा, माझ्या एक्स-रेपर्यंत येणार आहे.

या कथेतला सगळ्यात हुशार माणूस म्हणजे ह्यूगो ओब्वेगेझर. ऑस्ट्रियाच्या ग्राझ शहरात रिचर्ड ट्राउनर यांच्या हाताखाली काम करणारा तरुण. तोवर जबडा कापायचा म्हणजे बाहेरून गालावर वण यायचा, कापलेल्या टोकांचा एकमेकांशी नीट संपर्क नसायचा, हाड जुळेल की नाही याचा भरवसा नव्हता. ओब्वेगेझर यांनी तोंडाच्या आतून, अक्कलदाढेच्या मागे, जबड्याचं हाड उभं, पापुद्र्यासारखं दोन थरांत चिरलं. बाहेरचा थर कानाजवळच्या सांध्याबरोबर राहतो, आतला दातांबरोबर सरकतो. काडेपेटी आठवा. बाहेरचं खोकं जागेवर, आतला खण मागे-पुढे. दोन्ही थर एकमेकांना भरपूर चिकटून राहतात म्हणून हाड जुळतं. १९५५ मध्ये जर्मनमध्ये, १९५७ मध्ये इंग्रजीत हे छापून आलं. १९६१ मध्ये इटलीच्या जॉर्जो दाल पोंत यांनी चीर थोडी पुढे नेली. १९६६ मध्ये ओब्वेगेझर वॉशिंग्टनला व्याख्यानं द्यायला गेले आणि अमेरिकाभर ही पद्धत पसरली. पुढे स्क्रू आणि पट्ट्या आल्या, नाहीतर सहा-सहा आठवडे दात तारेने बांधून ठेवायचे.

इंजिनियर म्हणून मी या डिझाइनच्या प्रेमात आहे. एकच कट आणि खण दोन्ही दिशांना सरकतो. पण गंमत तिथेच आहे. दोन्ही दिशांचा चेहऱ्यावर परिणाम उलट, तसाच घशावरही उलट. आणि घशाचा हिशेब कोणी मांडत नव्हतं.

का नव्हतं? डोळ्यांसमोर तर होता. चेहऱ्याचा बाजूने ठरावीक अंतरावरून एक्स-रे काढायची पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. तेव्हापासून प्रत्येक ऑपरेशनआधी तो काढतात. हाडं पांढरी दिसतात, आणि जिभेच्या मागे एक काळी उभी पट्टी दिसते. ती काळी पट्टी म्हणजे श्वासाचा रस्ता. लोक पेन्सिलीने पांढऱ्यावर रेघा मारत होते, कोन मोजत होते. काळ्यावर बहुतेकांची नजरच थांबत नव्हती. माझाही तसाच एक्स-रे होता. मी परत काढून बघितला तेव्हा जिभेच्या मुळाशी ती पट्टी अगदी पेन्सिलीच्या रेघेएवढी दिसत होती.

काळ्या पट्टीकडे नजर वळायला झोपेचे डॉक्टर यावे लागले. १९६५ मध्ये फ्रान्सच्या मार्सेयमध्ये आणि जर्मनीत वेगवेगळ्या गटांनी रात्रभर झोपेत मोजमाप करून दाखवलं की काही माणसांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा थांबतो. छाती हलत असते, पण घसा बंद असतो. उपाय एकच होता, गळ्याला भोक. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्त्यां गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला स्लीप ॲप्निया हे नाव रूढ केलं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारं मशीन मांडलं. सीपॅप. आमच्या बाबांच्या उशाशी गेली चार वर्षं तेच आहे. आधी बाबांचं घोरणं म्हणजे घाटात पहिल्या गिअरवर चढणारी एसटी. आम्ही हसायचो. बँकेत काउंटरवर त्यांचा डोळा लागायचा त्यालाही हसायचो. आता नाही हसत.

याच सुमारास जबडावाल्यांची आणि झोपवाल्यांची गाठ पडली. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या कुओ आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची नोंद छापली. खालचा जबडा लहान, मागे गेलेला, झोपेत श्वास अडकणारा. जबडा पुढे सरकवला आणि त्रास हटला. पुढच्याच वर्षी आणखी एक तशी नोंद आली. मग स्टॅनफर्डला रॉबर्ट रायली आणि नेल्सन पॉवेल यांनी याची पद्धतच बसवली. दोघेही दंतवैद्यक आणि वैद्यक, दोन्ही शिकलेले. आधी फक्त जिभेचा स्नायू जिथे चिकटतो तो हनुवटीचा तुकडा पुढे ओढायचा. नंतर वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे साधारण एक सेंटिमीटर पुढे. वरचा पुढे आला की मऊ टाळू ताणला जातो, खालचा आला की जीभ आणि हायॉइड.

याचा परिणाम किती? २०१० मध्ये होल्टी आणि गिलेमिनो यांनी सगळे अभ्यास एकत्र करून ६२७ प्रौढ रुग्णांचा आढावा घेतला. ऑपरेशनआधी तासाला सरासरी ६३.९ वेळा श्वास अडकत होता, नंतर ९.५. यशस्वी म्हणावेत असे ८६ टक्के. पूर्ण बरे म्हणजे तासाला पाचच्या आत, ते ४३.२ टक्के. हे आकडे मी तीनदा वाचले.

आणि मग नाण्याची दुसरी बाजू. पुढे घेऊन घसा उघडतो, तर मागे घेऊन? १९८७ मध्ये याच रायली-पॉवेल-गिलेमिनो मंडळींनी लिहिलं की पुढे आलेला जबडा मागे घेण्याच्या ऑपरेशननंतर रुग्णांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार सुरू झाला. चेहरा सुंदर झाला, झोप गेली. आमच्या भाषेत, फ्रंटएंडला हात लावला आणि बॅकएंड कोसळला. टेस्ट केसच लिहिलेली नव्हती.

त्यानंतर ढीगभर अभ्यास झाले, खासकरून जपान-कोरियात, कारण तिकडे माझ्यासारखे जबडे जास्त. सूर बऱ्यापैकी एकच आहे. खालचा एकटा मागे घेतला की हायॉइड खाली आणि मागे जातो, जिभेमागची जागा अरुंद होते, काळाबरोबर थोडी भरून येते, पूर्ण नाही. शरीरही हुशार असतं, मान जरा वर उचलून धरायला शिकतं. आणि हे स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणीतरी घाबरून ठरलेलं ऑपरेशन रद्द करेल. मागे घेतलेल्या बहुतेकांना ॲप्निया होत नाही. तरुण, सडपातळ, आधीपासून ऐसपैस घसा असलेल्या माणसाच्या पाच-सात मिलिमीटरने फारसं बिघडत नाही. धोका कोणाला, तर ज्याचा रस्ता आधीच अरुंद आहे, जो आधीच घोरतो, वजन वाढलेलं आहे, घरात कोणाला तो आजार आहे. म्हणजे थोडक्यात, मला.

बीटेकला शिकलेलं एक सूत्र इथे आठवलं. पाइपची त्रिज्या १० टक्के कमी झाली तर प्रवाहाला अडथळा सुमारे ५२ टक्के वाढतो, कारण त्रिज्येचा चौथा घात. मी एक्सेल शीट काढून बसलो होतो. मग कळलं की घसा हा पीव्हीसी पाइप नाही, तो मऊ नळी आहे. कोल्ड्रिंकचा भिजलेला कागदी स्ट्रॉ जोरात ओढल्यावर चपटा होतो ना, तसा. चौथा घात राहिला बाजूला, एका मर्यादेपलीकडे ती बंदच होते. शिवाय दिवसा जिभेचा स्नायू वॉचमनसारखा जागा असतो, रात्री तोच डुलक्या घेतो. त्यामुळे जागेपणी बसून काढलेला स्कॅन, मग तो कितीही थ्री-डी असो, झोपेतल्या घशाबद्दल अर्धंच सांगतो. झोपेची खरी तपासणी झोपेतच होते.

मग मी ती करून घेतली. एक रात्र, डोक्याला-छातीला-बोटाला वायरी, आणि मी आपला पाहुण्यासारखा टक्क जागा. पहाटे कधीतरी लागली झोप. निकाल आला, तासाला १४. पंधराच्या पुढे मध्यम समजतात, म्हणजे मी सौम्यच्या काठावर उभा. ऑपरेशनच्या आधी!

तो कागद घेऊन दुसऱ्या सर्जनकडे गेलो, दुसऱ्या शहरात. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "घोरतोस का? घरात कोणाला आहे?" मी बाबांचं सांगितलं. त्यांनी तोच एक्स-रे उचलला, पेन्सिल घेतली आणि माझ्या वरच्या जबड्यापाशी टेकवली. "हे बघ. तुझा खालचा फार लांब नाहीये. वरचा मागे राहिलाय." कार्लोस दुसरा, नमस्कार.

इथे ओब्वेगेझर परत येतात. १९७० मध्ये त्यांनीच लिहिलं होतं की टोकाच्या केसमध्ये एकाच वेळी वरचा पुढे आणि खालचा मागे घेता येतो. वरचा जबडा कवटीपासून अख्खा सुटा करायचा म्हणजे तेव्हा धाडसच होतं, तो जगेल की सडेल याची खात्री नव्हती. टेक्सासच्या विल्यम बेल यांनी माकडांवर रक्तपुरवठ्याचा अभ्यास करून दाखवलं की टाळूकडच्या मांसातून त्याला रक्त मिळत राहतं. म्हणून आज ते रोजचं ऑपरेशन आहे. दात जुळवायला सात मिलिमीटर लागतात हे खरं, पण ते सातही खालच्यानेच सोसायला हवेत असं कुठे लिहिलंय? माझा नवा प्लॅन असा, वरचा पाच पुढे, खालचा फक्त दोन मागे. एकट्या खालच्याला मागे घेण्यापेक्षा यात घसा कमी आवळतो, असं अभ्यास सांगतात. ॲप्निया जाईलच असं मॅडम म्हणाल्या नाहीत. सहा महिन्यांनी परत झोपेची तपासणी, आणि वाढलेला आढळला तर बाबांसारखं मशीन, हेही आधीच सांगून टाकलं. खालच्या ओठाला मुंग्या किंवा बधिरपणा राहू शकतो, कारण काडेपेटीच्या खणातून एक नस जाते, हेही. खर्च पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा जबडा तुझ्यासारखाच आहे रे. मला कोणी कधी बघूनच सांगितलं नाही." आणि मग विषय बदलून पावसाचं विचारायला लागले.

आणखी एक, फक्त दोन ओळींत, कारण ते बघून मला रडू आलं होतं. १९२३ मध्ये पॅरिसच्या पिएर रोबँ यांनी लहान जबड्याच्या बाळांबद्दल लिहिलं, ज्यांची जीभ मागे पडून श्वास अडतो. अशा बाळांना पालथं झोपवून ठेवत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी लहान मुलांचा जबडा कापून, स्क्रूने रोज साधारण एक मिलिमीटर ताणत, नवं हाड भरू देत वाढवून दाखवला. ही युक्ती सायबेरियातल्या इलिझारोव यांची, पायाच्या हाडांसाठी. आज काही दिवसांच्या बाळांवरही हे करतात. रोज एक मिलिमीटर खुंटा पुढे, आणि बाळ उताणं झोपू लागतं.

तर मंडळी, माझी तारीख पुढच्या महिन्यातली आहे. नंतर काही आठवडे दातांना रबर बँड, ताक, सूप, आंब्याचा रस (सीझन संपत आलाय, हीच काय ती तक्रार) आणि तोंड उघडून बोलायला बंदी. त्यामुळे पुढचे तीन एपिसोड आधीच रेकॉर्ड करून ठेवलेत. चौथा येईल तेव्हा 'स' आणि 'फ' जरा वेगळे ऐकू आले तर समजून घ्या. रूममेटला सांगून ठेवलंय, घरी आल्यावर पहिल्या रात्रीपासून मोज म्हणून. तो म्हणाला, "मोजतो, पण दहाच्या वर गेलास तर लाथ घालीन."